उसाच्या ट्रॉलीतून रुखवत

मला कुणी ‘तुला हे जमायचं नाही’ असं म्हटलं की माझ्या अंगात येतं. लहानपणापासूनचं आहे हे. आई म्हणायची, या पोरीकडून काम करून घ्यायचं असेल तर तिला ‘राहू दे, तुला नाही येणार’ एवढंच म्हणावं आणि बाजूला बसून गंमत बघावी. वय पन्नाशीच्या पुढं गेलं तरी ही खोड काही गेली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात याच खोडीनं माझी लाज राखली, म्हणून ते सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात सगळं एकदमच अंगावर आलं. नवरा साखर कारखान्यातून रिटायर झाला, अंकुशनगरच्या कॉलनीतलं क्वार्टर रिकामं करायची वेळ आली आणि त्यातच लेकीचं लग्न ठरलं. कुंभार पिंपळगावचं स्थळ, माणसं शेतीवाडीची, साधी. आम्ही बदनापूरला थोरल्या दिरांच्या शेजारी तीन खोल्या बांधल्या होत्या. लग्न तिथंच, घरापुढच्या मोकळ्या जागेत मांडव टाकून करायचं ठरलं. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं म्हणतात. ज्यानं ही म्हण केली त्यानं घर कधी हलवलं नसणार, नाहीतर तेही त्यात घातलं असतं.

लग्न ठरल्याचं कळलं तसं कॉलनीतल्या बायकांनी मला न विचारताच रुखवताचं काम आपसात वाटून घेतलं. आम्ही पंचवीसेक वर्षं एका नळावर पाणी भरलेल्या बायका. कुणी अंबडकडची, कुणी गेवराईकडची, कुणी घनसावंगीची. कॉलनीच्या फाटकाजवळ किराणा दुकान असलेली भाभी मूळ राजस्थानची, पण तिच्या सासऱ्यांचा जन्मही इथलाच. आम्ही गहू भिजत घातले, वाटले, चीक काढला. पहाटे अंगणात चुली पेटवून तो शिजवला आणि गरम असतानाच साच्यातून बाजेवरच्या कापडावर कुरडया पाडल्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. एक कुरडई तर परातीएवढी. पापडांची झोपडी केली, तिला पापडाचंच दार. सुपं भरून गव्हले, मालत्या, नखुल्या वळल्या. भाभी पापड लाटायला बसेल असं आम्हाला वाटलं होतं, तिचा त्यात हात कुणी धरत नाही. पण ती आयुष्यात पहिल्यांदा कुरडईचा साचा घेऊन बसली आणि कुणाचंच ऐकेना.

मला त्या दिवसांत एकाच गोष्टीची धास्ती होती, ती इथं उघड लिहिते. या सगळ्या बायका लग्नाला येणार होत्या. मांडवात आल्या की आधी कुठं जातील तर रुखवतापाशी, आणि प्रत्येकीची नजर आपण केलेला जिन्नस शोधणार. तिथं जर त्यांना भुगा दिसला असता तर मी कुठल्या तोंडानं ‘जेवून जा’ म्हणाले असते? क्वार्टर जाणार, नळ जाणार, रोजचं बोलणं जाणार. त्यांच्या हातचं एवढं एक माझ्याबरोबर यायचं होतं. ते अख्खं यायला पाहिजे होतं. बाकी सामानाचं काय व्हायचं ते होऊ दे.

सामान उसाच्या ट्रॉलीतून न्यायचं ठरलं होतं, म्हणून आधी चाचणीला एक डबा दिरांच्या जीपमधून पाठवून पाहिला. साध्याच कुरडया होत्या, रुखवतातल्या नव्हेत. संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंचा फोन आला.

“अगं, निस्ता भुगा झालाय बघ. अन् हे चांगल्या जीपमधी आलंय. तुझी ट्रॉली येस्तोवर तर त्याचं पीठच व्हईल. त्यापरीस जालन्यात रेडिमेड रुखवत भेटतं, पेटीतलं. आता लोकं तेच घेऊन राह्यलेत.”

“बाई, मी हे अख्खं आणते,” मी म्हटलं.

“तुला न्हाई जमायचं ते. उगा जीवाला घोर लावून घेऊ नको,” त्या म्हणाल्या. झालं, आली माझ्या अंगात.

सामान नेण्यासाठी लेकीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. टोप्या घातलेली माणसं येतात, खोक्यांत सगळं भरतात, चिकटपट्ट्या मारतात आणि तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं. हे बघून आमच्या ह्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. ह्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या ऊस यार्डात गेली. आलेल्या गाड्या रांगेला लावायच्या, भरणी बघायची, कलंडायला आलेली ट्रॉली ओळखून बाजूला काढायची. लांबून येणारी ट्रॉली बघून हे सांगायचे की हिचा डावा दोर ढिला आहे, आणि तो असायचाच.

“आपलं सामान परक्यानं बांधायचं काहून? भरणीत माझी जिंदगी गेली,” हे म्हणाले. “फडातून कारखान्यापर्यंत ट्रॉली येती, एक कांडं खाली पडत न्हाई. तुम्ही बिलकुल चिंता करू नका.”

हंगाम संपला होता, ट्रॉल्या रिकाम्याच उभ्या होत्या. ह्यांच्या ओळखीचा, चाळिशीचा एक ड्रायव्हर नुसत्या डिझेलच्या पैशांवर यायला तयार झाला. आम्ही मोसंबीची कॅरेट गोळा केली. आमच्याकडं त्यांना तोटा नाही, बागवाल्याकडं एक मागितलं तर तो चार देतो. भांडी एकात एक बसवली, मध्ये परकर आणि टॉवेल घातले. टीव्हीला दोन गोधड्यांत गुंडाळलं. देवघरातले देव मी माझ्या पिशवीत घेतले, ते मांडीवरच यायचे होते. जुना झाडू तेवढा दाराआड ठेवला, कारण नव्या घरात जुना झाडू नेत नाहीत. ह्यांनी मात्र यार्डातली गंजकी विळी, बिनदांड्याची कुऱ्हाड आणि कुठल्याशा यंत्राची तीन चाकं बांधून ठेवली. “कामाला येतं,” म्हणाले. पंचवीस वर्षं ते कामाला आलं नव्हतं, तर आता बदनापुरात येणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॉली दारात लागली. ह्यांचे यार्डातले दोन जुने सोबती मदतीला आले आणि तिघांना असा चेव चढला की मला स्वयंपाकघरात पाठवून त्यांनी भरणी सुरू केली. मीही गेले. वाटलं, माणूस खुशीत आहे, करू दे त्याच्या मनासारखं. चहा टाकला, पोहे केले. बाहेरून ‘हां, दाब, अजून दाब’ असं चाललेलं ऐकू येत होतं. मग कसला तरी ‘करकर’ असा आवाज आला आणि माझ्या हातातली कढई खाली पडली.

बाहेर जाऊन बघते तर काय, त्यांनी आमचं घर उसासारखं भरलं होतं. अगदी मोळ्या रचाव्यात तसं. खाली आडवं कपाट, त्यावर उभी बाज, त्यावर गाद्या, वरून तिघंही उभे राहून पायानं दाबताहेत. दोर टाकून, त्यात दांडकं घालून, पीळ देऊन आवळलेला. प्लास्टिकचा पाण्याचा ड्रम पोटात आत गेला होता. कपाटाचं दार आतल्या आत बसलं होतं. आणि रुखवताच्या टोपल्या कुठं, तर बरोबर मधोमध, सगळ्यात खाली.

“भरणीच्या मधी सगळ्यात सेफ राहतं,” हे वरून म्हणाले. “मधलं कांडं कवाच हलत न्हाई.”

“कांडं हलत नाही, पण कुरडई फुटते!” मी ओरडले.

मी पदर खोचून ट्रॉलीवर चढले, दोर सोडायला लावला आणि सामान खाली उतरवायला लावलं. ह्यांच्या सोबत्यांना अचानक घरची कामं आठवली आणि ते पोहे न खाताच गेले. कॉलनीतली झाडून सगळी दारं उघडली होती. मी त्या दिवशी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. यार्डात तुम्ही ऊस भरला की माणसं, असं काहीतरी विचारलं. तुमच्या आईनंही तुम्हाला असंच दाबून वाढवलं का, असंही विचारलं. ह्यांनी हातातलं दांडकं खाली टाकलं. जाऊन लिंबाखाली दगडावर बसले.

टोपल्या वर आल्या. एकेक उघडून पाहिली. फुटलं होतं ते एकच टोपलं, आणि त्यात मी स्वतः पाडलेल्या कुरडया होत्या. मला रडू आलं. आधी वाईट वाटलं म्हणून आणि मग लगेच बरं वाटलं म्हणून. माझ्या फुटल्या ते चाललं. बाकीच्या बायकांच्या सगळ्या शाबूत होत्या.

पण आता न्यायचं कसं? ट्रॉलीत खाली ठेवलं तर दणके बसणार, वर ठेवलं तर उडून पडणार, मांडीवर घ्यावं तर एवढ्या मांड्या आणायच्या कुठून. मी चहा घेऊन लिंबाखाली गेले. कप ह्यांच्यापुढं ठेवला पण बोलले नाही.

हेच बोलले. “रिकामी ट्रॉली उड्या मारती. भरलेली बसून चालती. म्हणून दाबून भरलं. माझं चुकलं न्हाई. उसाच्या हिशेबानं बराबर हाय.”

आणि तेव्हा मला एकदम दिसलं. दर हंगामात आमच्या खिडकीसमोरून ऊसतोड्यांच्या बैलगाड्या जायच्या. गाडी खड्ड्यातून आदळत, कलंडत चालायची आणि तिच्या बांधणीला साडीची झोळी टांगलेली असायची. झोळीत लेकरू ढाराढूर झोपलेलं. गाडीला दणका बसला तरी झोळीला बसायचा नाही, झोळी नुसती झुलायची. मी इतकी वर्षं ते बघत होते आणि भाकरी थापत होते. आमच्या क्वार्टरच्या कडीलाही माझी लेक अशाच झोळीत वाढली.

“ट्रॉलीला उभे अँगल किती आहेत?” मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उसाच्या ट्रॉलीला फळ्या नसतात, कडेनं उभे लोखंडी अँगल असतात आणि पुढं-मागं चौकट. हे उठले, ट्रॉलीपाशी गेले, दोन अँगलमधलं अंतर हातानं मोजलं. मी काय म्हणते आहे ते यांना कळलं होतं. भांडण झालं की आमचे हे दोन दिवस बोलत नाहीत, पण काम समोर आलं की भांडण विसरतात. हा यांचा मोठा गुण, आणि तो मी कधी यांना तोंडावर सांगितलेला नाही.

“मंग खालून वजन पाहिजे,” हे म्हणाले. “ज्वारीची अन् गव्हाची पोती बरोबर चाकाच्या आसावर टाकू. म्हंजी ट्रॉली उडणार न्हाई. कपाट पुढं, बाज मागं. अन् मधली जागा सगळी तुझी.”

साड्या पाहिजे होत्या, पण माझ्या साड्या बांधून कॅरेटांच्या तळाशी गेलेल्या. मी दारात उभी राहून नुसतं म्हटलं, “जुन्या सुती साड्या आहेत का कुणाच्या?” भांडण ऐकायला दारं उघडलेलीच होती. बघता बघता ओट्यावर साड्यांचा ढीग झाला. भाभी दुकान सोडून आली. तिच्या हातात दोन साड्या आणि सुतळीचं बंडल.

“नायलॉनची न्हाई घ्यायची, ती ताणून जमिनीला लागंल,” ती म्हणाली. “अन् गाठ मी मारते. पोत्याची गाठ मारून मारून आमचे हात पक्के झाले.”

मग सबंध दुपार आम्ही बायका आणि हे, सगळे त्या ट्रॉलीत. मी एक जुनी गादी फाडली, तिचा कापूस पिंजून टोपल्यांत पसरला. त्यावर कुरडया, मध्ये वर्तमानपत्राचे कागद, वरून परत कापूस. परातीएवढ्या कुरडईला तिची स्वतःची परात आणि स्वतःची झोळी. झोपडीला मधली, सगळ्यात प्रशस्त. झोळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून ह्यांनी प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी आडवी दोरी लावली. झुलायची मोकळीक द्यायची पण भांडायची नाही, असं हे म्हणाले आणि माझ्याकडं तिरक्या डोळ्यानं बघितलं. मी हसले. मिटलं आमचं.

शेवटी हे ट्रॉलीत उभे राहून दाणदाण उड्या मारू लागले. ट्रॉली हलली, झोळ्या झुलल्या आणि टोपल्यांतून एक आवाज आला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला सकाळचं सगळं बोलणं आठवून लाज वाटली, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. लेक आदल्याच दिवशी दिरांकडं गेली होती. मी ट्रॉलीत झोळ्यांच्या मधोमध ज्वारीच्या पोत्यावर बसले, मांडीवर देवांची पिशवी. हे मोटरसायकलवर. बायका फाटकापर्यंत आल्या. रडायचं नाही असं ठरलं होतं, ते कुणी पाळलं नाही.

अंबडचा रस्ता लागला आणि एक नवीनच संकट कळलं. ड्रायव्हरला गाण्याच्या ठेक्यावर ट्रॅक्टर चालवायची सवय. हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर मोठमोठे डेक लावून जातात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. याच्या डेकवर वरातीचं एक धांगडधिंग्याचं गाणं लागलं आणि ट्रॅक्टरही नाचत पळायला लागला. मी ओरडून ओरडून घसा बसवला, त्याला ऐकू येईना. शेवटी ह्यांनी मोटरसायकल आडवी घातली.

“भाऊ, एखादं हळू गाणं नाही का तुमच्याकडं?” मी विचारलं.

“हळूचं हाय ना मावशी. पर त्यानं मला झोप येती.”

मग आमची तडजोड झाली. त्यानं भजनं लावायची आणि मी दर थोड्या वेळानं त्याला मागून हाक मारायची, झोप लागू नये म्हणून. जालन्यापर्यंत आम्ही टाळ-मृदंगाच्या चालीवर गेलो. ट्रॅक्टर असा शांत, सोज्वळ चालला होता की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. मला त्याचं काही नव्हतं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यांना वाजवू दिलं.

आणि आमचे हे. गतिरोधक किंवा खड्डा आला की हे मोटरसायकल पुढं काढायचे, उतरायचे, रस्त्याच्या कडेला उभं राहून खिशातली लाल दस्ती हलवायचे. थांब, हळू, डावीकडनं, आता घे. ट्रॉली पार झाली की परत मोटरसायकल, परत पुढं. उन्हानं तोंड लाल झालेलं. मी यांना घरी नोकरीवरून आलेलं रोज बघितलं होतं, पण नोकरीवर असलेलं कधी बघितलं नव्हतं. एक हात वर करून एवढं मोठं धूड गोगलगायीसारखं चालवत होते. मला यांचा फार अभिमान वाटला. आता लिहिलंय म्हणून वाचतील, नाहीतर मी सांगणार नव्हते.

एका चहाच्या टपरीवर थांबलो तर माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं ट्रॉलीत डोकावून रांगेनं टांगलेल्या झोळ्या बघितल्या आणि तोंडाचा आ केला.

“काय माय, एवढी लेकरं?”

“सगळ्या पोरी आहेत, बाबा,” मी म्हटलं. “उजवायला निघालेय.”

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. झोळीत काय आहे ते मग मी उघडून दाखवलं. त्यानं झोपडीचं पापडाचं दार बघितलं आणि ड्रायव्हरला दम दिला, “हळू ने रे बाबा. बाईचा सगळा जीव टांगलेला हाय इथं.”

उन्हं चांगलीच तापली तेव्हा बदनापूर आलं. रेल्वे स्टेशन दिसलं आणि मला वाटलं, जिंकलं. पण घराची गल्ली पाण्याच्या पाइपसाठी उकरून ठेवलेली. मुरमाचे ढीग, मध्ये चर. ट्रॉली आत गेली असती तर एका अंगावर कलली असती आणि एका बाजूच्या सगळ्या झोळ्या अँगलवर आदळल्या असत्या. ह्यांनी जाऊन चर बघितला आणि मान हलवली. “इथून पुढं ट्रॉली न्हाई. काहीही झालं तरी न्हाई.”

जाऊबाई गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर, डोळ्यांवर हात. भुगा बघायलाच आल्या होत्या, असं मला तेव्हा वाटलं. मी ट्रॉलीतून बाजेचा एक बांबू ओढून काढला आणि पहिली झोळी सोडून त्यात ओवली.

“बाई, एक टोक खांद्यावर घ्या,” मी म्हटलं.

“मी? या वयात?”

“तुम्हाला नाही जमायचं तर राहू द्या.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला हसू आवरेना. आमच्या घरात ही खोड माझ्या एकटीचीच नाही, हे त्या दिवशी कळलं. बाईंनी पदर खोचला, टोक उचललं आणि चालू लागल्या. चरावर फळी टाकलेली होती. पुढं त्या, मागं मी, मध्ये झोळी. “पाय बघ, इकडं दगड हाय. थांब, मी बदलून घेते,” असं माझ्याशी बोलत, दम घेत त्यांनी एकही खेप चुकवली नाही. परातीएवढ्या कुरडईच्या वेळी तर फळीवर थांबून म्हणाल्या, “माझा पाय सरकला तर सरकू दे. तू हिला सोडू नको.”

नव्या घराच्या पहिल्या खोलीत आम्ही टोपल्या एकेक करून उघडल्या. मी कागद काढत होते, बाई कापूस बाजूला करत होत्या. लेक दारात उभी, तोंडावर हात. गुलाबी कुरडया, अख्ख्या. हिरव्या, अख्ख्या. गव्हल्यांच्या सुपाला काय धाड भरणार, ती तर मजेत होती. झोपडीचं दार एका बिजागरीवरून जरासं सुटलं होतं, ते उडदाच्या पिठाच्या बोटभर खळीनं बसलं. सगळ्यात शेवटी परात. बाईंनी कापूस उचलला आणि ती परातीएवढी कुरडई जशीच्या तशी तिथं होती. वेटोळ्याचा एक धागा मोडला नव्हता.

मग ह्यांनी दारातून विचारलं, “बराबर हाय का सगळं?” आणि मी जमिनीवर बसकण मारून जे हसत सुटले ते थांबता थांबेना. लेकीनं मला मिठी मारली. बाई डोळे पुसत म्हणाल्या, “फुटलं असतं तरी मी कुणापाशी बोलले नसते, बघ. मी तर रातच्याला देवाला हात जोडल्ते.” भुगा बघायला आल्या असतील असं मी बाईंबद्दल म्हटलं होतं. माणसाला किती ओळखायचं बाकी असतं.

कपाटाचं दार अजून नीट लागत नाही. ड्रमला पोचा आहे तसाच आहे. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

लग्नाच्या दिवशी कॉलनीतल्या बायका एक गाडी करून आल्या. माझा अंदाज चुकला नाही. पाणीसुद्धा न घेता त्या आधी रुखवताच्या टेबलापाशी गेल्या. मी लांब उभी राहिले. जी ती टेबलाच्या कडेनं सरकत आपापला जिन्नस शोधत गेली आणि सापडला की तिथंच थांबली. थोड्या वेळानं सगळं टेबल बायकांनी वेढलं गेलं, प्रत्येक जिनसापुढं तो करणारी. शेजारच्या काकूंनी परातीएवढ्या कुरडईवर हलकेच बोट ठेवलं, जिवंत आहे का बघावं तसं.

भाभी मात्र मला शोधत आली आणि कानात म्हणाली, “ताई, माझी कुरडई एका बाजूनं पार वाकडी झाल्ती. खरं सांगू? रस्त्यात तेवढी एक फुटली तर बरं, असं मी मनात म्हणल्ते. तुम्ही तर ती पण अख्खी आणली. अन् वर समोर मांडली.”

“मग काय मागं लपवू?” मी म्हटलं.

तेवढ्यात कुंभार पिंपळगावच्या बायकांना घेऊन विहीणबाई आल्या. त्यांनी सगळं निरखून बघितलं, झोपडी बघून हसल्या, आणि नेमक्या त्या वाकड्या कुरडईपाशी थांबल्या. “हे सगळं हातचं दिसतं. पेटीतलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “ही कुणी केली?”

मला वाटलं भाभी आता माझ्यामागं दडणार. पण तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला, बायकांमधून वाट काढत पुढं झाली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मी केली. आमच्या पोरीसाठी.”